नेमणूक : कॉम्प्युटर

१८३१ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले राधानाथ शिकदार दरमहा ३० रुपयांवर सरकारी नोकरीत लागले. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातले त्यांचे पद होते ‘कॉम्प्युटर’.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. लॅटिनमधल्या हिशेब करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला हा शब्द इंग्रजी छापील पुस्तकात माणसासाठी वापरल्याची नोंद १६१३ची आहे.

माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच हे काम बांधलेले असे. १७६०च्या दशकात ब्रिटनचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी खलाशांसाठी नाविक पंचांग सुरू केले. चंद्राच्या स्थानांवरून भरसमुद्रात रेखांश काढता यावेत, हा हेतू. तेच गणित दोन कॉम्प्युटर आपापल्या घरी स्वतंत्रपणे करत आणि तिसरी व्यक्ती उत्तरे ताडून पाही. लडलो गावच्या मेरी एडवर्ड्स हे काम करत, पण मेहनताना नवऱ्याच्या नावावर जमा होई. १७८४ मध्ये नवरा वारला, तेव्हा खरे गणित कोण करत होते ते उघड झाले. मॅस्केलिन यांनी पुढचे काम त्यांच्याच नावाने चालू ठेवले.

शिकदार पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयातल्या ‘शिखर १५’ची निरीक्षणे शंभरहून अधिक मैलांवरून घेतलेली होती. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे शिखर असते त्याहून उंच भासते. ती चूक वजा करत कॉम्प्युटरांनी उंची काढली आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. २०२०च्या मोजणीपेक्षा तो जेमतेम ३० फुटांनी कमी आहे. कागद-लेखणीच्या जोरावर हे साधले! शिखराला नाव मात्र मिळाले सर्वेक्षणाचे प्रमुख असलेल्या आणि १८४३ मध्येच निवृत्त झालेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचे. आकडेमोड करणाऱ्यांवर हा अन्यायच होता.

गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६च्या प्रसिद्ध निबंधातला ‘कॉम्प्युटर’ही कागदावर चिन्हे लिहिणारा माणूसच आहे. मग दुसरे महायुद्ध आले. अमेरिकेत तोफगोळ्यांच्या मार्गांचे तक्ते करायला तरुणींना कॉम्प्युटर म्हणून भरती केले गेले. त्यांच्यातल्याच सहाजणींनी एनिॲक हे विजेवर चालणारे महाकाय गणनयंत्र कामाला लावले. १९४६ मध्ये जाहीर झालेल्या या यंत्राच्या पूर्ण नावात शेवटचा शब्द होता कॉम्प्युटर.

१९५०च्या निबंधात डिजिटल यंत्रांविषयी लिहिताना ट्युरिंग यांना माणसासाठी ‘मानवी कॉम्प्युटर’ असे वेगळे लिहावे लागले.