चित्रातला हत्ती, रानातला हत्ती



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली आणि सगळ्या चहाची वाट बघत बसलो होतो. एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाइलवर वाचून सांगितलं, की आफ्रिकेतले हत्ती-गेंडे वाचवण्यासाठी इंग्लंडमध्ये चित्रांचे लिलाव होतात आणि हत्तीचं एकेक चित्र लाखो रुपयांना जातं. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू म्हणाल्या, "चित्र गेलं घेणाऱ्याच्या भिंतीवर. पैसे गेले लिलाववाल्याकडे. मग त्या हत्तीला काय मिळालं गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचलं, विचारलं, समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी लिलाव म्हणजे काय ते बघू. लिलाव आपल्याला नवा नाही. बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, तिथे व्यापारी माल जमेल तितका स्वस्तात पाडायला बघतो. पण जत्रेत देवापुढच्या नारळाचा लिलाव आठवा. दुकानात थोड्या पैशांत मिळणारा नारळ हजाराला जातो आणि बोली जिंकणारा उलट खूश असतो. कारण पैसे देवळाच्या कामाला जाणार हे त्याला माहीत असतं, चारचौघांत नाव होतं, आणि शेजारच्या आळीने बोली वाढवली की आपणही मागे हटत नाही. मदतीसाठी होणारा चित्रांचा लिलाव हा या नारळाच्या जातीचा आहे.

पद्धत साधी आहे. चित्रकार आपलं चित्र दान देतो, किंवा विक्रीतला काही हिस्सा स्वतःकडे ठेवून बाकीचा संस्थेला देतो. लिलावाआधी चित्रांची यादी छापतात आणि चित्रं लोकांना बघायला ठेवतात. बऱ्याच चित्रांची एक किमान किंमत ठरलेली असते. बोली तिथपर्यंत पोचली नाही, तर चित्र विकत नाहीत. मग बोली वाढत जाते, शेवटची बोली झाली की हातोडा पडतो आणि व्यवहार पक्का होतो. हॉलचं भाडं, छपाई, लिलाववाल्याचं कमिशन असे खर्च असतात. ते कुणी सोसायचे हे आधी ठरलेलं असावं लागतं, कारण संस्थेच्या हातात येते ती खर्च जाऊन उरलेली रक्कम.

आता एका माणसाची गोष्ट सांगते. डेव्हिड शेफर्ड हे इंग्लंडचे चित्रकार. जन्म 1931 चा. लहानपणापासून त्यांना आफ्रिकेत जाऊन अभयारण्याचा रक्षक व्हायचं होतं. 1949 साली ते केनियाला गेले, पण नोकरी मिळाली नाही. आठवड्याला एक पौंड पगारावर त्यांनी हॉटेलात काम केलं आणि पक्ष्यांची चित्रं विकून परतीच्या तिकिटाचे पैसे जमवले. लंडनला आल्यावर नावाजलेल्या स्लेड कला महाविद्यालयानेही त्यांना प्रवेश नाकारला. पुढे रॉबिन गुडविन नावाच्या चित्रकाराने त्यांना हाताशी धरून शिकवलं.

ते विमानांची चित्रं काढू लागले. 1960 साली ब्रिटिश हवाई दलाने त्यांना केनियाला नेलं आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, आम्ही रोज विमानंच बघतो, आम्हाला इथल्या प्राण्यांचं चित्र काढून द्या. त्यांनी गेंडा काढला आणि तिथून त्यांची वाट बदलली. त्याच काळात त्यांना आफ्रिकेत एक पाणवठा दिसला. शिकाऱ्यांनी त्या पाण्यात विष कालवलं होतं. भोवती 255 झेब्रे मरून पडले होते. आपण प्राण्यांची चित्रं काढून पोट भरतो, तर त्या प्राण्यांचं देणं लागतो, असं त्यांनी मनाशी धरलं ते तेव्हापासून.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला झांबिया देशात हत्ती आणि गेंड्यांची चोरटी शिकार वाढली होती. अफाट रान, रस्ते नाहीत, पावसाळ्यात तर पायी फिरणंही अवघड. शेफर्ड यांच्या चित्रांचा अमेरिकेत लिलाव झाला आणि त्या पैशांतून झांबियाच्या वन्यप्राणी रक्षकांसाठी एक हेलिकॉप्टर घेतलं गेलं. तिथले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी परतभेट म्हणून त्यांना वाफेवर चालणारं एक जुनं रेल्वे इंजिन दिलं, कारण शेफर्ड यांना इंजिनांचंही वेड होतं. म्हणजे बघा, भिंतीवरच्या चित्राचं हेलिकॉप्टर झालं. काकूंच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर आपल्या देशातलं आहे. 1973 साली भारतात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपल्या अमरावती जिल्ह्यातलं मेळघाटही होतं. त्या वर्षी शेफर्ड यांनी वाघाचं एक चित्र काढलं, 'टायगर फायर' नावाचं. मूळ चित्र एकच असतं आणि ते एकाच घरात जातं. म्हणून त्यांनी त्याच्या मोजक्या छापील प्रती काढून विकल्या. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त प्रती छापायच्या नाहीत असा नियम असतो, म्हणून त्या प्रतीलाही चांगली किंमत येते. या विक्रीतून 1,27,000 पौंड उभे राहिले आणि भारताच्या व्याघ्र प्रकल्पाला मिळाले. पुढे 1984 साली त्यांनी स्वतःच्या नावाची वन्यजीव संस्था काढली. 2017 साली ते वारले. ती संस्था आजही चित्रांची प्रदर्शनं, स्पर्धा आणि लिलाव यांतून पैसा उभा करते. गस्त घालणाऱ्या रक्षकांना मदत करणं, आई मारली गेलेली हत्तीची पिल्लं वाढवणं अशा कामांना तो जातो.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढचंही सांगायला हवं.

त्या हेलिकॉप्टरनंतरही झांबियातले गेंडे वाचले नाहीत. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात एके काळी हजारोंनी काळे गेंडे होते. येमेनमध्ये खंजिराच्या मुठीला आणि पूर्वेकडच्या देशांत औषधाला गेंड्याचं शिंग चढ्या भावाने विकलं जायचं. टोळ्या बंदुका घेऊन येत राहिल्या. 1998 साली झांबियातून काळा गेंडा संपल्याचं जाहीर झालं. हेलिकॉप्टर वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण वरून लक्ष ठेवणं एक आणि खाली रानालगत राहणाऱ्या माणसाचं पोट भरणं दुसरं. दुसरं झालं नाही, तर पहिलं किती पुरणार?

त्या रानाशेजारच्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तिचा मका कणसाला आलाय. रात्रीतून चार हत्ती येतात आणि वर्षाचं धान्य तुडवून जातात. पावसाळ्यात जुनं धान्य संपलेलं असतं, नवं यायला अजून अवकाश असतो. मुलं उपाशी. अशा वेळी घरातला पुरुष रानात तारेचा फास लावून येतो. त्यात हरण सापडलं तर दोन दिवस चूल पेटते. त्याच फासात कधी हत्तीच्या पिल्लाचा पाय किंवा सोंड अडकते. लंडनच्या हॉलमध्ये बसलेल्याला हत्ती देखणा वाटतो. या बाईला तो दारात आलेलं संकट वाटतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

म्हणून याच लुआंग्वा खोऱ्यात वेगळ्या तऱ्हेचं काम उभं राहिलं. डेल लुईस नावाच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं, की शिकारीला जाणारी बरीच घरं हौसेने जात नाहीत, धान्य पुरत नाही म्हणून जातात. 2003 साली 'कोमॅको' ही संस्था सुरू झाली. शिकाऱ्यांनी बंदुका आणि फास जमा करायचे, बदल्यात शेतीचं शिक्षण, बियाणं आणि मालाला चांगला भाव. त्या शेतकऱ्यांचा भुईमूग, तांदूळ, मध, सोयाबीन संस्था विकत घेते. भुईमुगापासून पावाला लावायचं शेंगदाण्याचं लोणी तयार होतं आणि झांबियाच्या शहरांतल्या दुकानांत 'इट्स वाइल्ड' या नावाने विकलं जातं. रान राखलं तर भाव जास्त, असा करार. जमिनीचा कस वाढवायला तिथे शेतात गिरिपुष्प लावतात. हो, आपल्याकडे बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात तेच.

त्याच भागात मफुवे गावी बायका गस्तीत सापडलेल्या फासांच्या तारा ठोकून, वळवून गळ्यातले-कानातले करतात. ते पर्यटक घेतात आणि त्यातला काही पैसा पुन्हा गस्तीला जातो. ज्या तारेने हत्ती जायबंदी व्हायचा, त्या तारेवर आता एका घराचं मीठ-मिरची चालतं.

ही दोन्ही कामं शेफर्ड यांच्या लिलावातून उभी राहिली असं नाही. मी ती सांगितली, कारण लिलावाचा पैसा कुठवर पोचायला हवा हे त्यातून दिसतं. आणि गेंड्यांचंही सांगते. 2003 सालीच दक्षिण आफ्रिकेतून पाच काळे गेंडे आणून उत्तर लुआंग्वाच्या राष्ट्रीय उद्यानात सोडले. आज तिथे पुन्हा गेंडे आहेत.

आता थोडं आपल्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटाने बालवाडीच्या पाण्याच्या टाकीसाठी एका गोधडीचा लिलाव केला. गोधडी 3,200 रुपयांना गेली. टाकी आली, बसली, मुलं पाणी प्यायला लागली. पण ती बसवायला दिलेल्या 400 रुपयांची पावती माझ्याकडून हरवली. पुढच्या बैठकीत मी हिशोब वाचला तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. पुढचे कितीतरी महिने गावच्या कामासाठी काही मागायला माझी जीभ रेटत नव्हती. पैसे मी खाल्ले नव्हते. तरी विश्वासाला चारशे रुपयांएवढं भोक पडलंच. तेव्हापासून पावती मिळाली की मी आधी ती वहीत चिकटवते, मग पुढचं काम.

म्हणून मदतीचा लिलाव गावातला असो नाहीतर लंडनमधला, चार गोष्टी विचारायच्या. सगळी रक्कम कामाला जाणार की काही हिस्सा? खर्च कोण सोसणार? पैसा नेमक्या कोणत्या कामाला आणि कोणत्या गावाला? आणि हिशोब बघायला कुठे मिळेल? इंग्लंडमध्ये नोंदणी झालेल्या संस्थांचे वार्षिक हिशोब तिथल्या धर्मादाय आयोगाकडे कुणालाही बघता येतात. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे संस्थांची नोंदणी असते. असं विचारणं म्हणजे संशय घेणं नाही. ज्याचं काम चोख असतं, त्याला सांगायला आवडतंच.

गेल्या बैठकीत मी हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हत्तीला काही मिळायचं असेल, तर आधी त्याच्या शेजारणीला मिळायला पाहिजे." मला इतका वेळ लागला, त्यांनी एका वाक्यात संपवलं.

तुमच्या गटाने कधी कशाचा लिलाव केला असेल, त्यातून काय उभं राहिलं आणि हिशोब कसा ठेवलात, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.