ढोलपथकांचा सराव आणि साथीचा ज्वर

आषाढ लागला की पुण्यात नदीकाठी, पुलांखाली आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली रोज संध्याकाळी दोन-तीन तास एकत्र घाम गाळतात. इन्फ्लुएन्झाची पावसाळी साथही याच दिवसांतली. साहजिकच पथकप्रमुख आमच्याकडे येऊन विचारतात, "वैद्यराज, मुलांना काय द्यावे?" कोणाला घरी ठेवावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

२००९ सालचा ऑगस्ट वाचकांच्या स्मरणात असेल. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यातच घेतला. ती शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली, आणि गणेश चतुर्थी तर २३ ऑगस्टवर येऊन ठेपलेली. कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या गळ्यागळ्यांत दिसू लागल्या. त्या आम्हीही बांधून दिल्या, हे येथे मान्य केलेच पाहिजे. आमच्या भागातील एका पथकात अशीच पुरचुंडी गळ्यात घालून एक मुलगा अंगात ताप असताना सरावाला येत राहिला. आठवड्याभरात त्याच्या रांगेतील पाच-सहा जण अंथरुणाला खिळले. सुदैवाने सारे बरे झाले. कापराच्या वासाने नाक मोकळे वाटते, संसर्ग थांबत नाही.

सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानाच्या अखेरीस संसर्गाने पसरणाऱ्या व्याधींत ज्वराची गणना केली आहे. निकट सहवास, स्पर्श, निःश्वास, सहभोजन, दुसऱ्याचे वस्त्र वा माळ वापरणे ही कारणे त्यांनी सांगितली. पथकाकडे या दृष्टीने पाहावे. पाण्याचा एकच तांब्या, एकाच कागदावरचे वडापाव, हातोहात फिरणारी टिपरू, घामाने भिजलेले ढोलाचे पट्टे, आणि पाऊस आला की बंद सभागृहात कोंबलेली सारी मंडळी! त्यापेक्षा पुलाखालची वाहती हवा कितीतरी बरी. सरावाचे लहान गट केले, ज्याची बाटली व टिपरू त्याच्याकडेच ठेवली, तर निम्मे काम होते.

नवज्वरात व्यायाम वर्ज्य, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. तरीही तापाची गोळी घेऊन मुले ढोल उचलतात. येथे औषधी दुकानदारांची जबाबदारी मोठी. गोळीने ताप उतरतो, पण संसर्गक्षमता राहते. ती लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस असू शकते. औषधाविना २४ तास ताप नसेल तरच मूल बाहेर पडावे, आणि दमाने. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, ग्लानी, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास काढा उकळत न बसता रुग्णालयात पाठवावे. ऑसेल्टामिव्हिरचा उपयोग पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक होतो. दमेकरी मुलांना दरवर्षीची लस सुचविण्यात आपल्या शास्त्राला कमीपणा येतो असे आम्हांस वाटत नाही.

मुले ताप लपवितात त्याचे कारण वैद्यकीय नाहीच. सराव चुकला की विसर्जन मिरवणुकीतील जागा जाते, असा बहुतेक पथकांचा दंडक. वरील पथकाच्या प्रमुखांशी आम्ही यावरून दोन वर्षे वाद घातला. शिस्त बिघडेल, हे त्यांचे म्हणणे. अखेर त्यांनी हजेरीवहीत तापासाठी वेगळा रकाना आखला. त्या रकान्यातील दिवस गैरहजेरीत धरले जात नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात त्या रकान्यात इतकी नावे आली की प्रमुख स्वतःच वही घेऊन आमच्याकडे आले.