इंजिन ठोकतंय, पण कधी?

वडिलांची १९८५ सालची प्रीमिअर पद्मिनी कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या वर्षी तिचं इंजिन पूर्ण खोलून करून घेतलं. चारही सिलिंडर रिबोअर केले, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंगं बदलली. गाडी घरी आली तेव्हा शिलाई मशीनसारखी चालत होती. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदाच लांब नेली आणि इंजिन चांगलं तापल्यावर बॉनेटखालून आवाज सुरू झाला : ठक्, ठक्, ठक्.

ज्यानं इंजिन बांधलं होतं तो म्हणाला, "नवं काम आहे, हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसेल." दुसऱ्यानं आवाज न ऐकताच निकाल दिला, "इंजिन परत उतरवा." दोन्ही सल्ले मला ओळखीचे वाटले. आमच्या ओपीडीतही दुखणं अंगावर काढणारे असतात आणि आल्या आल्या 'सगळं स्कॅन करून टाका' म्हणणारेही असतात. दोघांच्या मधली एक पायरी राहून जाते, ती म्हणजे नीट विचारणं.

शेवटी गाडी टोचन करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तरी ओलांडलेल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "डॉक्टर, इंजिन नंतर बघू. आधी सांगा, कधी वाजतंय? गार असताना की गरम झाल्यावर? चढावर की अॅक्सिलरेटर सोडल्यावर? आणि चालवत आणली नाहीसा ना?" नाही म्हटल्यावर ते हसले. "बरं केलंसा."

प्रश्न साधे होते, पण त्यांतच निम्मं निदान होतं. गार इंजिनात मोठा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. धातू तापून पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमधली मोकळी जागा कमी होते. चढावर जोर देताना येणारा खणखणीत, किरकिरा आवाज पेट्रोल चुकीच्या वेळी पेटल्याचा असू शकतो. हेड घासून बसवल्यानं कॉम्प्रेशन वाढलं असेल किंवा टायमिंग पुढे गेलं असेल, तर असं होतं आणि त्यासाठी इंजिन उघडायची गरज नसते. आमचा आवाज मात्र उलटा होता. गार असताना शांतता, गरम झाल्यावर ठोका. ऑइल तापलं की पातळ होतं. पातळ ऑइलवर ठोका वाढत असेल, तर संशय बेअरिंगकडे जातो.

क्रँक आणि कनेक्टिंग रॉड एकमेकांना प्रत्यक्ष टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि त्यासाठी ठेवलेली फट मिलिमीटरच्या चार-पाच शतांश भागांएवढी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असते. ती वाढली की दाबाखाली थर फाटतो आणि धातू धातूवर आपटतो. तसंच चालवत राहिलं, तर बेअरिंग वितळून चिकटतं, कधी रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. 'आपोआप बसेल' हा सल्ला ऐकला असता, तर वडिलांच्या गाडीचं इंजिन कायमचं गेलं असतं.

मग त्यांनी इंजिन सुरू केलं, पण मोजक्या मिनिटांसाठीच. आधी पंख्याचा पट्टा काढून पाहिला, कारण डायनॅमो किंवा वॉटर पंपाचा आवाजही इंजिनाचा वाटू शकतो. आवाज तसाच राहिला. नंतर त्यांनी लांब पेचकस घेतला, टोक ब्लॉकवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर. मी बघतच राहिलो. कानाची तपासणी करताना आम्ही ट्यूनिंग फोर्क नेमका त्याच हाडावर टेकवतो. आवाज हाडातून थेट अंतर्कर्णात पोचतो. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीवर ठेवून कान लावला, त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. मिस्त्रींचा पेचकस त्याच घराण्यातला.

पण आवाज कुठे मोठा येतो, एवढ्यावर ते थांबले नाहीत. धातूतून आवाज दूरवर पसरतो. हृदयाचं दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणवतं, पित्ताशयाचं उजव्या खांद्यात, तसंच हे. म्हणून त्यांनी लय मोजली. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. त्यामुळे टॅपेटची टकटक क्रँकच्या निम्म्या गतीनं येते, खालच्या बेअरिंगचा ठोका क्रँकच्या गतीनं. हृदयातली मरमर ऐकताना आम्ही मानेच्या नाडीवर बोट ठेवतो ते याचसाठी. आवाज ठोक्याबरोबर आहे की दोन ठोक्यांच्या मधे, यावर कुठली झडप बिघडली याचा अंदाज येतो.

शेवटची परीक्षा प्लगची. रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर काढून ती बॉडीला टेकवायची. त्या सिलिंडरमध्ये स्फोट झाला नाही, की त्या रॉडवरचा भार जातो. पहिला, दुसरा काढला, फरक नाही. तिसरा काढताच ठोका जवळजवळ नाहीसा झाला. मधल्या मोठ्या बेअरिंगचा दोष असता, तर एका प्लगनं इतका फरक पडला नसता. (ही परीक्षा जुन्या पॉइंटवाल्या गाडीतच करायची. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये वायर काढली, तर महागाचे भाग जळतात आणि शॉकही जबर बसतो.) तपासणीसाठी लावलेल्या गेजवर गरम इंजिनात ऑइलचा दाबही कमी दिसत होता.

आता उघडायचं ते फक्त एवढंच. इंजिन जागेवर थोडं उचलून खालचा ऑइल संप काढला, तिसऱ्या रॉडची कॅप खोलली. बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या हातात आल्या. मिस्त्रींनी त्या उलट्या करून पाठीवरचे आकडे मला वाचायला सांगितले. एकीवर २०, दुसरीवर १०.

क्रँक घासून इंचाच्या २० हजारांश भागांनी बारीक केला होता. त्याला २० नंबरच्या दोन्ही जाड वाट्या हव्या होत्या. एक वाटी दुसऱ्या खोक्यातली, पातळ निघाली. फट सुमारे ०.१३ मिलिमीटरनं वाढली होती, म्हणजे हवी होती त्याच्या चौपट झाली होती. क्रँक मोजला, सुदैवानं खराब झाला नव्हता. खर्च आला तो वाट्यांची एक जोडी, गॅस्केट आणि ऑइल एवढाच. ठोका पुन्हा आला नाही.

ज्यानं इंजिन बांधलं होतं त्याला मी फोन केला. तो गप्प झाला, मग म्हणाला, "साहेब, दोन खोकी शेजारी होती. मी खोक्यावरचं वाचलं, वाटीवरचं नाही." रागवायला गेलेला मी तिथेच थांबलो. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या शेजारीशेजारी ठेवल्या, की वॉर्डातही हेच घडू शकतं. म्हणून नर्सिंगमध्ये औषधाचं लेबल तीनदा वाचायला शिकवतात : उचलताना, भरताना आणि देण्याआधी. ट्रे कुणी लावला याला तिथे महत्त्व नसतं. हातातल्या कुपीवर काय लिहिलंय ते वाचायचं असतं.

त्याच महिन्यात एक आजोबा वारंवार चक्कर येऊन पडतात म्हणून दाखल झाले. ईसीजी झाला, डोक्याचा स्कॅन झाला, सगळं ठीक होतं. राउंडला मी पलंगावर बसून विचारलं, "आजोबा, चक्कर कधी येते?" ते म्हणाले, "रात्री लघवीला उठलो की." झोपून आणि उभं राहून रक्तदाब मोजला, उभं राहताच तो बराच खाली आला. रक्तदाबाची गोळी रात्रीची होती, तीही दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावानं लिहिलेली. डिस्चार्जच्या आधी मी त्यांच्या मुलाला घरातली सगळी पाकिटं आणायला सांगितली, आणि एकेक पाकीट उलटं करून मागचं नाव वाचलं.