लग्नघरी पाणी किती, मठ्ठा किती?

आखाजी झाली की जळगाव-धुळ्याकडे लग्नांची एकच घाई उडते. आचारी न लावता भाऊबंदांच्या मदतीने वरण-बट्टी, वांग्याची भाजी करायची, तर पिठाचा हिशेब घरातल्या बाया तोंडपाठ सांगतील. पाण्याचा मात्र कुणी करीत नाही. पारा ४४ अंशांवर, आणि त्यात बट्टी पाणी मागते!

समजा, ५०० पाने आहेत. पिण्याचे पाणी माणशी २ लिटर धरा. झाले १००० लिटर, म्हणजे २०० लिटरची ५ पिंपे. हात धुण्याचे, भांड्यांचे वेगळे. पिंप उसने आणाल तर त्यात आधी काय होते ते जरूर विचारा. फवारणीच्या औषधाचे पिंप कितीही घासले तरी पिण्याच्या पाण्याला नको म्हणजे नको.

मठ्ठा माणशी दीड पेला. २०० मिलिलिटरच्या पेल्याने १५० लिटर लागेल. दह्याच्या दुप्पट पाणी घातले की ५० लिटर दही पुरते. विरजण आदल्या रात्री उशिरा लावा; आंबट मठ्ठा मुले तोंडाला लावीत नाहीत. बाजारचा बर्फ मठ्ठ्यात टाकू नका, तो कसल्या पाण्याचा कोण जाणे. भांडेच बर्फात ठेवा.

चहा फक्त वऱ्हाडापुरता. १०० लहान कपांना ५ लिटर दूध, पाणी थोडे जास्त.