आधी स्लॅब, मग सौरपॅनेल

अहिल्यानगरच्या कर्जतमध्ये उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहतो. म्हणून पॅनेलचा विचार करण्याआधी गच्चीला पांढरा चुना द्या. ऊन परावर्तित झालं की पंखा, कूलर कमी चालतो. जुना पंखा सुमारे 75 वॅट वीज खातो, बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. फ्रिज घेताना वीजबचतीचे बीईई तारे पाहाच.

एवढं केलं की पॅनेलही कमी लागतात. एक किलोवॅटची यंत्रणा दिवसाला साधारण 4 युनिट वीज देते. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत केंद्र सरकारचं अनुदान 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किलोवॅटला 78 हजार रुपये ठरलं. धूळ मात्र उत्पादन घटवते. पाणी जपायचं असेल तर सकाळी, काच थंड असताना, ओल्या मऊ फडक्याने पॅनेल पुसून घ्या.