रेडिओ-नियंत्रित मॉडेलमधील एलईडी प्रकाशयोजना : घरगुती परिपथाची रचना, मर्यादा आणि अध्यापनमूल्य

सारांश

रेडिओ-नियंत्रित मोटार किंवा बोटीच्या मॉडेलवर एलईडी दिवे बसविणे हा वरवर पाहता छंदाचा भाग आहे. तथापि रोधकाची निवड, घटमालेचे बदलते विभवांतर आणि नियंत्रणव्यवस्थेवर पडणारा भार यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय अशी प्रकाशयोजना विश्वासार्ह होत नाही. प्रस्तुत लेखात या तीन बाबींचे विवेचन करून पदवी स्तरावरील प्रात्यक्षिक म्हणून या विषयाची उपयुक्तता मांडली आहे.

१. प्रस्तावना

पनवेल परिसरात मॉडेलनिर्मितीच्या छंदाला स्थानिक परिस्थितीने एक विशिष्ट वळण दिले आहे. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. ड्रोन नियम, २०२१ नुसार हवाई क्षेत्राची लाल, पिवळ्या व हिरव्या विभागांत वाटणी केलेली असून विमानतळाजवळच्या क्षेत्रात पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. त्यामुळे येथील महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी मॉडेल विमानापेक्षा जमिनीवरील मोटार आणि पाण्यावरील बोट हीच माध्यमे अधिक सोयीची ठरतात. साहित्याचीही अडचण नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात एलईडी, रोधक, टायमर आयसी आणि व्हेरोबोर्ड सहज व अल्प किमतीत मिळतात. अडचण येते ती हे साहित्य जोडताना कोणता विचार करावा याची.

२. एलईडीचा स्वभाव

निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. निळ्या एलईडीसाठी मात्र जवळजवळ तीन दशके वाट पाहावी लागली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा यांना या कार्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एलईडी हा बहुतांशी निळा एलईडीच असतो; त्यावरील पिवळ्या स्फुरदीप्त लेपामुळे डोळ्यांना पांढऱ्या प्रकाशाचा प्रत्यय येतो.

हा इतिहास परिपथाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितकी फोटॉनची ऊर्जा अधिक. ६३० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची ऊर्जा सुमारे १.९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर ४६० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनची सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणूनच लाल एलईडी सुमारे २ व्होल्टवर, तर पांढरा सुमारे ३.२ व्होल्टवर योग्य रीतीने प्रकाशतो.

तापदीप्त बल्ब आणि एलईडी यांतील मूलभूत भेदही येथेच आहे. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो व विद्युतधारा आपोआप आवरली जाते. एलईडीत असे होत नाही. विभवांतर थोडेसे वाढले तरी धारा झपाट्याने वाढते आणि डायोड तापून निकामी होतो. सबब एलईडीला विभवांतर पुरविण्यापेक्षा त्यातील धारा मर्यादित ठेवणे आवश्यक असते, आणि साध्या परिपथात हे कार्य रोधक करतो.

३. रोधकाची निवड आणि घटमालेची अवस्था

रोधकाचे सूत्र सोपे आहे : पुरवठ्याच्या विभवांतरातून एलईडीचे विभवांतर वजा करून येणाऱ्या संख्येस अपेक्षित धारेने भागावे. ५ व्होल्टवर लाल एलईडीतून १५ मिलिअँपिअर धारा हवी असल्यास उत्तर २०० ओहम येते. बाजारात मिळणारा २२० ओहमचा रोधक वापरला असता धारा सुमारे १३.६ मिलिअँपिअर राहते.

परंतु मॉडेलमधील घटमाला हा स्थिर पुरवठा नव्हे. दोन घटांची लिथियम-पॉलिमर घटमाला ७.४ व्होल्टची म्हणून ओळखली जाते. पूर्ण भारित अवस्थेत मात्र ती ८.४ व्होल्ट देते आणि वापराच्या शेवटी ६.६ व्होल्टपर्यंत उतरते. आता दोन पांढरे एलईडी एकसर जोडणीत घेतल्यास त्यांचे एकत्रित विभवांतर ६.४ व्होल्ट होते. १५० ओहमच्या रोधकासह ८.४ व्होल्टवर धारा १३.३ मिलिअँपिअर येते, ६.६ व्होल्टवर तीच गणिताने केवळ १.३ मिलिअँपिअर उरते. याउलट प्रत्येक पांढऱ्या एलईडीस ३९० ओहमचा स्वतंत्र रोधक दिल्यास ८.४ व्होल्टवर तितकीच १३.३ मिलिअँपिअर धारा मिळते, आणि ६.६ व्होल्टवरही ती सुमारे ८.७ मिलिअँपिअर टिकून राहते.

पहिल्या रचनेत विजेचा अपव्यय कमी, पण दिवे लवकर मंदावतात. दुसऱ्या रचनेत अपव्यय अधिक, पण प्रकाश स्थिर राहतो. रोधकाच्या वाट्याला येणारे विभवांतर जितके अल्प, तितकी धारा घटमालेच्या चढउतारांना अधिक संवेदनशील होते, हा यातून निघणारा सर्वसाधारण नियम होय. लाल एलईडीची स्थिती वेगळी आहे. दोन लाल एलईडींचे एकत्रित विभवांतर ४ व्होल्टच असल्याने ३३० ओहमच्या रोधकासह ते ८.४ व्होल्टवर १३.३ आणि ६.६ व्होल्टवर सुमारे ७.९ मिलिअँपिअर घेतात. म्हणून मागील लाल दिवे एकसर व पुढील पांढरे दिवे स्वतंत्र, ही मांडणी व्यवहार्य ठरते.

अनेक एलईडी समांतर जोडून सर्वांना मिळून एकच रोधक देण्याची पद्धत मात्र टाळावी. एकाच जातीच्या एलईडींच्या विभवांतरातही किंचित फरक असतो. ज्याचे विभवांतर कमी, तो धारेचा मोठा वाटा घेतो, अधिक तापतो आणि प्रथम निकामी होतो. त्यानंतर त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो.

४. दिव्यांची मांडणी आणि लुकलुक

बोटीच्या मॉडेलवरील दिवे केवळ शोभेचे नसतात. सागरी टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजाच्या डाव्या बाजूस लाल आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो व प्रत्येकाचा प्रकाश ११२.५ अंशांच्या कोनात दिसावा लागतो; मागील पांढऱ्या दिव्याचा कोन १३५ अंशांचा असतो. संध्याकाळी वडाळे तलावासारख्या जलाशयावर बोट चालवताना ती समोर येते आहे की दूर जाते आहे, हे किनाऱ्यावरील चालकास या रंगांवरूनच कळते. नेहमीच्या पारदर्शक ५ मिलिमीटर एलईडीचा झोत अरुंद असतो. त्याचे घुमटाकार टोक बारीक पॉलिश पेपरने घासल्यास प्रकाश पसरतो. बाजूस काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा देऊन कोन निश्चित करता येतो.

मोटारीच्या वळणदर्शक दिव्यांसाठी ५५५ हा टायमर आयसी पुरेसा आहे. हान्स कामेनझिंड यांनी रचलेला हा आयसी १९७२ पासून बाजारात आहे. १० किलोओहम व ४७ किलोओहमचे रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास मिनिटाला सुमारे ८३ वेळा लुकलुक होते. खऱ्या वाहनांचा ६० ते १२० हा पल्लाही याच मर्यादेत येतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर नेहमीच्या ५५५ चा उच्च निर्गम पूर्ण ५ व्होल्ट नसून सुमारे साडेतीन व्होल्टच असतो. त्यावर पिवळा एलईडी चालतो, पांढऱ्यासाठी मात्र रोधकास काही उरत नाही. अशा वेळी एलईडी धन पुरवठा आणि निर्गम यांच्यामध्ये रोधकासह जोडावा, किंवा बीसी५४७ सारखा ट्रान्झिस्टर वापरावा. ५५५ स्थिती बदलताना पुरवठ्यात क्षणिक धक्का निर्माण करतो. त्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावणे म्हणूनच अनिवार्य समजावे.

५. वीजपुरवठा आणि नियंत्रणाची सुरक्षितता

दिवे कोठून वीज घेतात, हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. ग्राहकयंत्राच्या रिकाम्या चॅनेलमध्ये दिव्यांची पिन खोचणे सर्वांत सोपे. परंतु ग्राहकयंत्र आणि सर्व्हो मोटार त्याच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. तीन घटांच्या ११.१ व्होल्टच्या घटमालेवर वेगनियंत्रकातील रेषीय नियामक वापरला असेल, तर दहा एलईडींच्या १३० मिलिअँपिअर धारेमुळे त्यात सुमारे ०.८ वॅट अतिरिक्त उष्णता निर्माण होते. सर्व्हो अडकून जादा धारा घेऊ लागला, तर आधीच तापलेल्या नियामकाचे विभवांतर कोसळते, ग्राहकयंत्र क्षणभर बंद पडते आणि मॉडेल चालकाच्या ताब्यातून जाते. दिवा विझल्याने फारसे बिघडत नाही. दिव्यामुळे नियंत्रण सुटले, तर वेगवान मोटार प्रेक्षकांत शिरू शकते.

यावरील उपाय म्हणजे दिव्यांचा परिपथ मुख्य घटमालेच्या दोन टोकांवरून स्वतंत्रपणे घेणे आणि त्याच्या धन तारेत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज बसविणे. लिथियम-पॉलिमर घटमाला लघुपथनात प्रचंड धारा देते. फ्यूज नसल्यास दिव्यांची बारीक तार पेट घेऊ शकते. समतोल-जोडातून एकाच घटावर दिवे चालविणेही घातक आहे, कारण तो घट इतरांच्या आधी रिकामा होऊन कायमचा बिघडतो. पनवेलचा पावसाळा आणि खाडीकडील खारी हवा लक्षात घेता सोल्डर केलेल्या जोडांवर संकोचनळी चढवावी व बोर्डावर वॉर्निशचा हात द्यावा.

६. अध्यापनातील उपयोग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने कौशल्यवर्धन अभ्यासक्रमांना पदवी स्तरावर स्थान दिले आहे. त्या दृष्टीने हा विषय अल्पखर्चाचा आणि आशयसंपन्न आहे. ओहमचा नियम विद्यार्थी शालेय वयापासून जाणतात. पण पाठ्यपुस्तकातील उदाहरणात घट कधी उतरत नाही. येथे तीच आकडेमोड भारित व उतरलेल्या अशा दोन अवस्थांसाठी करून मल्टिमीटरने पडताळता येते. एकसर जोडलेल्या दोन पांढऱ्या एलईडींतून ६.६ व्होल्टवर गणिताने १.३ मिलिअँपिअर अपेक्षित असताना प्रत्यक्षात धारा त्याहून जास्त भरते, कारण धारा घटली की एलईडीचे विभवांतरही थोडे उतरते. हा फरक म्हणजे विद्यार्थ्याची चूक नव्हे. एलईडीचे विभवांतर स्थिर मानण्याच्या गृहीतकाची ती मर्यादा आहे. मूल्यमापनात अचूक उत्तराइतकेच या फरकाच्या स्पष्टीकरणास गुण द्यावेत.

७. समारोप

घरगुती एलईडी परिपथात महाग घटक एकही नाही. तरीही तो यशस्वी होण्यासाठी एलईडीचा स्वभाव, घटमालेची बदलती अवस्था आणि नियंत्रणव्यवस्थेचे अग्रक्रम या तिन्हींचे भान लागते. दिवे मॉडेलची शोभा वाढवितात, नियंत्रण मात्र त्याचा प्राण आहे. प्राणाच्या वाट्याची वीज शोभेला न देण्याची शिस्त विद्यार्थ्याने या छोट्या प्रकल्पातून आत्मसात केली, तर पुढे मोठ्या विद्युतयंत्रणांच्या रचनेतही ती त्याच्या उपयोगी पडेल.