जमाखर्चात न मांडलेला पक्षी

मराठी भाषेने ज्या पक्ष्यांच्या वाट्याला केवळ निंदा दिली, त्यांत गिधाडाचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. कोकिळेला कवींनी डोक्यावर घेतले, मोराला देवांनी वाहन केले, कावळ्यालासुद्धा पितृपक्षात का होईना, मानाचे पान मिळाले. गिधाडावर मात्र दुसऱ्याच्या मरणावर टपून बसल्याचा आरोप तेवढा आला, आणि जटायूचे पुण्यस्मरण करणारी माणसेही त्याचा वंशज घराच्या आढ्यावर बसलेला दिसताच अपशकुन मानून शांत करण्याच्या तजविजीला लागली. असा हा बदनाम पक्षी भारतातून जवळजवळ नाहीसा झाला तेव्हा प्रारंभी कोणी हळहळले नाही, यात नवल नाही. नवल आहे ते त्याच्या जाण्याचे कारण शोधताना वैद्यक, रसायन, व्यापार आणि पर्यावरण या चार निरनिराळ्या खात्यांची दफ्तरे एकत्र उघडावी लागली याचे, आणि त्यांतील प्रत्येक दफ्तर आपापल्या जागी अगदी चोख निघाले याचे.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गावाबाहेरची ढोरे टाकण्याची जागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या पक्ष्याची कामगिरी सांगण्याची गरज नाही. मेलेला बैल ओढून आणावा, त्याचे कातडे सोलून न्यावे, आणि तोवर रिकाम्या भासणाऱ्या आकाशात एक ठिपका, मग दहा, मग पन्नास ठिपके घिरट्या घालीत खाली यावेत. तासाभराने पाहावे तो पांढरा सांगाडा तेवढा उरलेला असे, आणि तो उन्हात वाळला की हाडे गोळा करणारा माणूस खताच्या कारखान्यासाठी गाडी भरून नेत असे. ढोरे ओढण्याचे, हलके मानलेले हे काम आपल्या समाजाने काही जातींवर लादले आणि त्या श्रमाचे मोल कधी केले नाही. त्या माणसांनी पुढे या लादणुकीस नकार दिला, आणि तो न्याय्यच होता. पक्ष्याला नकार देण्याची भाषा नव्हती. तो नुसता दिसेनासा झाला.

पहिले दफ्तर वैद्यकाचे आणि रसायनाचे. स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी या कंपनीच्या आल्फ्रेड साल्मान आणि रुडॉल्फ फिस्टर या रसायनज्ञांनी संधिवाताच्या वेदनेवर उतारा म्हणून एक संयुग घडविले. दोन बेंझीन वलये नायट्रोजनच्या एका अणूने जोडलेली, आणि त्यांपैकी एका वलयावर क्लोरिनचे दोन अणू अशा ठिकाणी बसविलेले, की त्यांच्या अडचणीमुळे वलय पिळून तिरपे व्हावे आणि तो तिरपेपणाच औषधाच्या कामी यावा, अशी ही योजक रचना होती. शरीरात दाह आणि वेदना उत्पन्न करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ॲस्पिरिनच्या जातीची औषधे तयारच होऊ देत नाहीत, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 साली दाखवून दिले आणि पुढे 1982 साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. स्विस रसायनज्ञांचे हे संयुगही तेच कार्य करते. डायक्लोफेनॅक हे त्याचे नाव. कंबर धरलेल्या, गुडघे सुजलेल्या लक्षावधी माणसांना त्याने उभे केले, आणि आजही करीत आहे. या दफ्तरात आक्षेप घ्यावा असे काही नाही.

दुसरे दफ्तर उद्योगाचे. भारताने 1970 साली नवा पेटंट कायदा केला आणि 1972 पासून तो अंमलात आणला. औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी न देता ती केवळ बनविण्याच्या पद्धतीवर द्यावयाची, हे त्याचे मर्म होते. त्यामुळे तेच औषध निराळ्या मार्गाने बनविण्याची कला येथील रसायनज्ञांनी हस्तगत केली, लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि परदेशी औषधे गरिबाच्या हाताला लागतील अशा किमतीत उतरली. नव्वदीच्या दशकात डायक्लोफेनॅक इतके स्वस्त झाले, की माणसासाठी बनलेले हे औषध जनावराला टोचणेही शेतकऱ्याला परवडू लागले. लंगडणारा बैल, कास सुजलेली गाय, तापाने चारा सोडलेली म्हैस यांना त्याने हटकून उतार पडे. भारतात गाई-म्हशींची संख्या तीस कोटींच्या घरात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही बाजारपेठ केवढी मोठी होती ते कळते. कारखानदाराला धंदा मिळाला, शेतकऱ्याचे जनावर वाचले, मुक्या प्राण्याची वेदना शमली. याही दफ्तरावर लाल शाईचा शेरा मारण्यास जागा नव्हती.

तिसरे दफ्तर पक्षिशास्त्राचे, आणि कोडे येथे सुरू झाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेहून अधिक जोडपी घरटी करताना नोंदविली होती. दहाएक वर्षांनी ते पुन्हा तेथे गेले तेव्हा निम्मीही उरली नव्हती, आणि आणखी काही वर्षांनी तेथे एकही घरटे राहिले नाही. जिवंत पक्षी मान खाली लोंबकळत ठेवून दिवसचे दिवस बसून राहत आणि मग फांदीवरून गळून पडत. शवविच्छेदनात आतड्यांवर, यकृतावर, हृदयावर चुना फासावा तसा पांढरा थर आढळे. तो युरिक आम्लाचा होता, अर्थात मूत्रपिंडांनी काम थांबविले होते. एखादा नवा विषाणू आला असावा, असा तर्क बहुतेकांनी केला. अन्नाचा तुटवडा म्हणावा तर गावोगाव मेलेली ढोरे सडत पडली होती.

उत्तर सापडले ते सरहद्दीपलीकडे. अमेरिकेतील पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातील पंजाबात मेलेल्या गिधाडांची तपासणी करीत होते. विषाणू पाहिले, कीटकनाशके पाहिली, जड धातू पाहिले. काही हाती लागेना. तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि एक अगदी साधा, गावंढळ वाटावा असा प्रश्न विचारला: ही गिधाडे खातात काय? ती पाळीव जनावरांची मढी खातात. मग मरण्यापूर्वी त्या जनावरांच्या पोटात काय गेलेले असते? जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे विचारपूस करता करता, अलीकडे सर्रास वापरले जाणारे आणि मूत्रपिंडास अपाय करू शकणारे एक नाव पुढे आले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या 25 गिधाडांची तपासणी केली, तर पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफेनॅक निघाले. अन्य कारणांनी मेलेल्या 13 पक्ष्यांपैकी एकातही ते नव्हते. 2004 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, अशी आपली म्हण आहे; गाईच्या औषधाने मात्र गिधाडे मेली होती.

येथे वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. सगळ्याच जनावरांना काही हे औषध टोचले जात नव्हते, आणि टोचलेली सगळीच काही लगेच मरत नव्हती. मग एवढा संहार झाला कसा? याचा उलगडा गणिताने केला. गिधाड दर दोन-तीन दिवसांनी जेवते, म्हणजे वर्षाकाठी शंभराहून अधिक वेळा मढ्यावर उतरते, आणि उतरते तेही एकटे नव्हे, सबंध थव्यानिशी. एका विषारी मढ्यावर अख्खी पंगत बाधित होते. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून झालेली हानी भरून येण्यास पिढ्या लागतात. शंभरातील एकाहूनही कमी मढी विषारी असली तरी घडलेल्या ऱ्हासास ती पुरेशी होती, असे या हिशेबात निघाले. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात हजारास एक या प्रमाणात उरली. लांब चोचीच्या दोन जातींची घट मिळून 97 टक्क्यांच्या जवळपास गेली. पक्ष्यांच्या इतिहासात इतक्या वेगाने झालेल्या ऱ्हासाची उदाहरणे फार थोडी आहेत.

सरकारने त्या मानाने तत्परता दाखविली. 2006 साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनविण्यास भारतात मनाई झाली. त्याच सुमारास पाकिस्तान आणि नेपाळ यांनीही तसेच हुकूम काढले. मनाई करावयाची तर शेतकऱ्याच्या हाती दुसरे काही द्यावयास हवे, हे शास्त्रज्ञांनी ओळखले होते. आफ्रिकेतील गिधाडांवर आधी सावधपणे चाचणी करून मेलॉक्सिकॅम हे औषध पक्ष्यास निर्धोक असल्याचे त्यांनी सिद्ध केले. परंतु हुकूम आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये जो मुलूख पसरलेला असतो, तो आपल्या परिचयाचा आहे. माणसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, तेव्हा 2015 साली एकेका कुपीत 3 मिलिलिटरच औषध असावे, अशी मर्यादा घालावी लागली. असेक्लोफेनॅक हे नाव निराळे, परंतु गाईच्या शरीरात गेले की त्याचेच डायक्लोफेनॅक होते, हे रसायनाने दाखवून दिले. तेही, आणि केटोप्रोफेनही, जनावरांपुरते 2023 साली निषिद्ध झाले. एका औषधाची बंदी अंमलात येईतो दुसरे त्याच्या जागी उभे, असा हा पाठशिवणीचा खेळ चालला आहे.

चौथे दफ्तर अर्थशास्त्राने उघडले, आणि त्यातील आकडे वाचताना मन सुन्न होते. मढी उघड्यावर कुजू लागली, ओढ्या-नाल्यांत लोटली जाऊ लागली. गिधाडांच्या ताटावर मोकाट कुत्री आणि उंदीर आले, आणि त्यांच्यामागून रेबीज आला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी देशातील जिल्ह्यांची दोन गटांत विभागणी केली: गिधाडांच्या वस्तीस मुळात अनुकूल असलेले, आणि नसलेले. औषध सर्वत्र पसरण्यापूर्वी या दोन गटांतील माणसांच्या मृत्युदराची वाटचाल सारखीच होती. पसरल्यावर मात्र पहिल्या गटातील मृत्युदर दुसऱ्याच्या तुलनेने चार टक्क्यांहून अधिक वाढला. 2000 ते 2005 या काळात त्यामुळे सुमारे पाच लक्ष माणसे अधिक मेली, असा त्यांचा अंदाज असून 2024 साली तो प्रसिद्ध झाला आहे. अंदाज म्हटला की त्यात कमीअधिक होणारच. परंतु ज्या पक्ष्याच्या नावे आपल्या जमाखर्चात एक दमडी जमा नव्हती, तो गेल्यावर खर्चाची बाजू केवढी फुगली, हे त्यावरून दिसते. मुंबईच्या पारशी समाजाला तर हा तोटा धर्माच्या अंगणातच सोसावा लागला: मलबार हिलवरील डुंगरवाडीत शतकानुशतके गिधाडांकडे असलेले अंतिम संस्काराचे काम सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांकडे सोपवावे लागले.

या साऱ्या प्रकरणात खलपुरुष शोधू जाल तर सापडणार नाही. रसायनज्ञाने वेदना शमविली, कारखानदाराने ती स्वस्तात शमविली, पशुवैद्याने ती गोठ्यापर्यंत नेली. चूक झाली ती दफ्तरांच्या मधल्या मोकळ्या जागेत. औषधाची चाचणी घेणाऱ्याने ते गाईला बाधते काय, हे पाहिले. मेलेल्या गाईचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याच्या कागदात नव्हता, आणि ज्याच्या कागदात तो होता त्याला गाईला काय टोचतात हे ठाऊक नव्हते. विद्यापीठांतून विषयांच्या सीमा ओलांडणाऱ्या संशोधनाची थोरवी आपण व्याख्यानांतून ऐकतो. तिचे खरे रूप पाहावयाचे, तर औषधाच्या दुकानात जाऊन ‘तुम्ही जनावरांना काय देता?’ असे विचारणाऱ्या त्या माणसाकडे पाहावे.

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तेथील वनखाते यांनी चालविलेल्या, जटायूचे नाव दिलेल्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तेथे वाढविलेली काही गिधाडे 2024 साली विदर्भात, पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. आता ती उंच आकाशातून शंभर मैलांचा मुलूख न्याहाळतील, आणि जंगलाच्या हद्दीबाहेर एखाद्या गावात बैल मेलेला दिसला तर तेथे उतरतीलही, कारण वनखात्याची हद्द त्यांना वाचता येत नाही. त्या बैलाला आदल्या आठवड्यात ताप आला असेल, डॉक्टरांनी पेटी उघडली असेल, आणि पेटीत दोन कुप्या शेजारी शेजारी असतील. वैद्यक, रसायन, व्यापार आणि पर्यावरण या चारही दफ्तरांचा निकाल त्या क्षणी एका हाताच्या बोटांवर येऊन ठेपतो. आणि त्यातली कोणती कुपी उचलली गेली, हे गावात कोणी विचारले नाही तरी आभाळातून उतरणाऱ्याला कळल्यावाचून राहत नाही.